कोंबडीच्या पोटातले जाते

दौलताबादच्या किल्ल्याभोवतीच्या वाड्या-वस्त्यांवर सकाळी डालगे उचलले, की गावरान कोंबड्या आधी उकिरडा गाठतात आणि मग अंगणात टाकलेल्या मूठभर ज्वारीवर तुटून पडतात. कच्च्या ज्वारीचा दाणा माणसाच्या दाढेलाही जड जातो. कोंबडीला तर दातच नाहीत. ती दाणा टिपते आणि गिळून मोकळी होते. मधूनच एखादा काळा खडाही टिपते आणि तोही गिळते. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत त्या ज्वारीचा मागमूस उरत नाही. तिचे अंडे झालेले असते, मांस झालेले असते, पिसे झालेली असतात.

याच परिसरातल्या एखाद्या ब्रॉयलर शेडमध्ये चित्र उलटे दिसते. तिथल्या पिल्लांना मका आणि सोयाबीन पेंड दळून, जीवनसत्त्वे व क्षार मिसळून, वयानुसार बदलणारे खाद्य मिळते. तरीही पोल्ट्रीवाल्याची तक्रार बहुधा पोटाचीच असते. ‘पातळ हगतायत’, ‘खातात पण वजन धरत नाहीत’, ‘खाली अंथरलेले तूस ओले होतेय’. दोन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी एकाच कंपनीची पिल्ले घेतली, खाद्यही एकच वापरले, तरी चाळीसाव्या दिवशी एकाचे पक्षी सव्वादोन किलो भरतात आणि दुसऱ्याचे पावणेदोन किलोवर अडतात, असे होऊ शकते.

सबंध ज्वारी पचवणाऱ्या पक्ष्याच्या जातभाईला दळलेले खाद्य का पचू नये? याचे उत्तर चोचीपासून विष्ठेपर्यंतच्या वाटेवर मिळते. ती वाट समजली, तर पोल्ट्रीतली निम्मी दुखणी औषधाची बाटली उघडण्यापूर्वीच ओळखता येतात.

आधी गिळायचे, मग भिजवायचे

आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. उघड्यावर दाणे, किडे टिपत बसणे त्याला परवडणारे नव्हते, कारण डोक्यावर ससाणा आणि झुडपात रानमांजर. म्हणून भराभर गिळायचे, आडोसा गाठायचा आणि तिथे निवांत पचवायचे, अशी त्याच्या शरीराची रचना घडली. कोंबडीच्या मानेच्या खालच्या टोकाला, छातीच्या वर, जी पिशवी हाताला लागते ती याचसाठी आहे. शास्त्रीय मराठीत तिला अन्नपुट म्हणतात.

संध्याकाळी खुराड्यात शिरणारी कोंबडी हातात घेऊन ही पिशवी चाचपून पाहावी. ती टणक, दाणेदार लागते. पहाटे तीच पिशवी सैल पडलेली असते. रात्रभर दाणा इथे पाण्याने आणि लाळेने भिजतो, फुगतो आणि थोडा थोडा पुढे सरकतो. पिशवीत दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू असतात, म्हणजे दूध आंबवून दही करणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद. त्यांच्यामुळे इथले वातावरण किंचित आंबट राहते आणि बऱ्याच रोगजंतूंची वाढ पहिल्याच मुक्कामी रोखली जाते. सकाळीही पिशवी भरलेली, लिबलिबीत आणि आंबूस वासाची असेल, तर वाट पुढे कुठेतरी अडली आहे असे समजावे.

नव्या पिल्लांच्या बाबतीत ही पिशवी म्हणजे पोल्ट्रीवाल्याच्या हातातली सर्वांत स्वस्त तपासणी. पिल्ले शेडमध्ये सोडल्यानंतर चोवीस तासांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतली काही पिल्ले उचलून पिशवी चाचपायची. शंभरातल्या किमान पंचाण्णवांची पिशवी भरलेली आणि मऊ हवी. रिकामी असेल तर पिल्लाला खाद्य सापडलेले नाही. भरलेली पण कडक असेल तर खाद्य मिळाले, पाणी मिळाले नाही. पिशव्या रिकाम्या आणि पाय गार लागत असतील तर पिल्लांना ऊब देणारे ब्रुडर कमी पडते आहे, कारण गारठलेले पिल्लू खायला उठतच नाही.

आधी रस, मग जाते

माणूस अन्न आधी चावतो, मग त्यावर जठरातले आम्ल पडते. कोंबडीत हा क्रम उलटा आहे. भिजलेला दाणा अन्नपुटातून पहिल्या छोट्या जठरात येतो. तिथल्या ग्रंथी आम्ल आणि प्रथिने फोडणारे पाचकरस सोडतात. दाणा इथे फार थांबत नाही. रसाने माखून तो लगेच दुसऱ्या जठरात उतरतो, आणि खरे दळण तिथे होते.

हे दुसरे जठर आपल्याला चांगले ओळखीचे आहे. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणारा जाड, टणक, गडद लाल गोळा म्हणजे पेटा. शास्त्रीय नाव पेषणी. गावरान कोंबडीचा पेटा उभा चिरला, तर आत अर्धवट दळलेली ज्वारी, गवताचे तंतू, किड्यांचे पंख आणि त्यांत मिसळलेले खडे सापडतात. हे खडे ओढ्यातल्या गोट्यांसारखे गुळगुळीत झालेले असतात. आतल्या बाजूला पिवळट-हिरवट, सुरकुतलेले चिवट कातडे असते, आणि भाजी करताना ते सोलून टाकावे लागते. आम्ल आणि खडे यांच्यापासून पेट्याच्या स्नायूंचे रक्षण हे कातडे करते. झिजेल तसा त्याचा नवा थर तयार होत राहतो.

पेटा म्हणजे कोंबडीचे जाते. समोरासमोरचे दोन जाड स्नायू मिनिटाला दोन-तीनदा आवळतात, आत दाणा भरडला जातो, आणि जात्याच्या दगडी तळ्यांचे काम खडे करतात. घरातल्या जात्याच्या तळ्या वापरून गुळगुळीत झाल्या की दळण नीट पडत नाही, मग टाकी लावून त्या पुन्हा खरबरीत कराव्या लागतात. कोंबडीला टाकी लावता येत नाही. म्हणून ती झिजलेला खडा पुढे ढकलते आणि नवा टिपते. अंगणातली तिची खडे वेचण्याची खोड ही खोड नव्हे, जात्याची देखभाल आहे.

खडा कोणता, यालाही महत्त्व आहे. दौलताबादचा डोंगर काळ्या बसाल्ट खडकाचा आहे, आणि या खडकाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटीही सापडते. बसाल्टची कच आणि गारगोटीचे तुकडे आम्लात विरघळत नाहीत, त्यामुळे दळणाला टिकतात. चुनखडी किंवा शिंपल्याचा चुरा मात्र आम्लात विरघळतो. तो दळणाच्या कामाचा नाही, पण त्यातून अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम मिळते. अंडी देणारी कोंबडी सबंध धान्यावर पोसत असाल, तर तिला दोन्ही लागतात आणि एकाची जागा दुसरे घेत नाही.

या जात्याच्या ताकदीचे शास्त्रज्ञांनाही जुने कुतूहल आहे. अठराव्या शतकात इटलीतल्या लाझ्झारो स्पालान्झानी यांनी टर्की पक्ष्यांना सुया रोवलेल्या शिशाच्या गोळ्या खाऊ घातल्या. नंतर पाहिले तर सुया मोडलेल्या किंवा बोथट झालेल्या, आणि पेटा शाबूत होता.

आता ब्रॉयलरच्या कोड्याची पहिली गाठ सुटते. वापरला नाही तर स्नायू खंगतो, आणि पेटा हा स्नायूच आहे. पिठासारखे बारीक खाद्य दळावे लागत नाही. त्यामुळे पेटा लहान आणि सैल राहतो, आणि खाद्य त्यातून झरकन निसटते. यात दोन नुकसाने होतात. खाद्याला आम्लाचा पुरेसा संग लाभत नाही, म्हणून प्रथिनांचे पचन अपुरे राहते. शिवाय खाद्याबरोबर आलेले जिवाणू या आम्लात मरायचे, तेही जिवंत पुढे जातात. म्हणून खाद्य तयार करताना मक्याचा काही भाग भरड ठेवावा, असा सल्ला जाणकार देतात. भरड तुकडे पेट्यात थांबतात, त्याला कामाला लावतात आणि तो तगडा होतो.

जिथे अन्न रक्तात जाते

पेट्यातून बाहेर पडलेला लगदा लहान आतड्यात येतो. त्याच्या सुरुवातीच्या वळशात स्वादुपिंड बसलेले असते. तिथून पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ फोडणारे रस येतात. यकृताकडून पित्त येते आणि तेलाचे बारीक थेंब करते. मोठ्या कोंबडीचे आतडे दीड मीटरच्या आसपास भरते, तरीही ब्रॉयलरमध्ये खाद्य चोचीपासून शेवटपर्यंतचा प्रवास चार ते आठ तासांत संपवते. इतक्या कमी वेळात सगळे सत्त्व काढून घ्यायचे, तर आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ मोठे हवे.

ते क्षेत्रफळ सूक्ष्म अंकुरांमुळे मिळते. आतड्याच्या आतल्या भिंतीवर मिलिमीटरभर उंचीचे असंख्य अंकुर दाटीने उभे असतात. प्रत्येक अंकुरावर पेशींचा एकपदरी थर असतो, आणि पचलेले अन्न याच थरातून रक्तात जाते. या पेशींचे आयुष्य जेमतेम तीन-चार दिवसांचे. अंकुराच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि टोकाशी पोचून गळून पडतात. म्हणजे पक्षी आपल्या आतड्याचे अस्तर सतत नव्याने बांधत असतो, आणि त्यासाठी खाल्लेल्या अन्नातला मोठा वाटा खर्च होतो. रोगाने अंकुर झडले की हा खर्च वाढतो आणि शोषण घटते. पक्षी तेवढेच खातो, पण वजन धरत नाही. करारावरच्या पोल्ट्रीत ज्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात तो एफसीआर, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले याचा हिशेब, इथेच बिघडतो.

आतड्याची खरी बांधणी पहिल्या आठवड्यात होते. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला भाग असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. छत्रपती संभाजीनगरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रांतली एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून दूरच्या गावी पोचवता येतात, ती याच बलकाच्या जोरावर. पण तग धरणे निराळे आणि वाढणे निराळे. पहिला घास पोटात गेल्यावरच अंकुर झपाट्याने वाढू लागतात, आणि उरलेला बलकही खाल्लेल्या पिल्लातच लवकर वापरला जातो. पहिल्या आठवड्यात आतडे बाकीच्या शरीरापेक्षा वेगाने वाढते. म्हणून आलेल्या पिल्लांना लगेच पाणी, खाद्य आणि ऊब मिळाली पाहिजे. एका दिवसाची हयगय चाळीसाव्या दिवशी काट्यावर दिसते.

दोन आंधळी आतडी आणि पांढरा थर

लहान आतडे संपते तिथे दोन्ही बाजूंना दोन बंद टोकांच्या नळ्या फुटतात. त्यांना अंधनाल म्हणतात. माणसात असलेला हा भाग अगदी छोटा. कोंबडीत मात्र प्रत्येक नळी वीतभर लांब असू शकते, आणि शरीरातली जिवाणूंची सर्वांत मोठी वस्ती तिथे असते. कोंबडीच्या स्वतःच्या रसांना न पचलेले तंतू हे जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्ले आतड्याच्या पेशींना ऊर्जा देतात आणि सॅल्मोनेलासारख्या रोगजंतूंना वाढू देत नाहीत.

अंधनाल दिवसातून एक-दोनदाच रिकामे होतात. त्या वेळची विष्ठा चॉकलेटी, चिकट, गुळगुळीत आणि उग्र वासाची असते. नवखा पोल्ट्रीवाला ती पाहून हगवण लागली म्हणून घाबरतो. ती हगवण नसते. उलट, आतली जिवाणूंची वस्ती नांदती असल्याची ती खूण असते. ती फेसाळ आणि पिवळट झाली, तर मात्र लक्ष द्यावे.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही. मूत्रपिंडातून येणारे यूरिक आम्ल, विष्ठा आणि अंडे या तिन्हींना शेवटचे दार एकच. विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे यूरिक आम्ल. मूत्रातले पाणी वाया जाऊ नये म्हणून आतडे उलट्या दिशेने आकुंचन पावते आणि ते पाणी मागे ओढून पुन्हा शोषते. निरोगी कोंबडीची विष्ठा घट्ट, तपकिरी आणि वर पांढरी टोपी असलेली दिसते, ती पाण्याच्या या काटकसरीमुळे.

घरचे धान्य: काय चालते, काय नाही

मराठवाड्यात कोंबडीच्या खाद्याचे तिन्ही मोठे घटक शेतातच पिकतात. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री हा मक्याचा पट्टा आहे. ज्वारी आणि सोयाबीन घराघरांत असते. मग बाजारचे खाद्य कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण प्रत्येक दाण्याची आतड्याशी गाठ वेगळी पडते.

कच्चे सोयाबीन कोंबडीला देऊ नये. स्वादुपिंडाकडून येणाऱ्या, प्रथिने फोडणाऱ्या रसाला निकामी करणारा पदार्थ त्यात असतो. कोंबडी कच्चे सोयाबीन खाते, पण त्यातली प्रथिने तिच्या अंगी लागत नाहीत. रस कमी पडतो म्हणून स्वादुपिंड आणखी रस ओतत राहते आणि आकाराने वाढते. योग्य उष्णता दिली की हा पदार्थ नष्ट होतो. तेल काढताना तापवलेली सोयाबीन पेंड म्हणूनच चालते, घरातले कच्चे सोयाबीन चालत नाही.

मक्याचा धोका बुरशीचा. खरिपाचा मका काढणीला येताना परतीचा पाऊस झाला आणि कणसे ओलीच साठवली, तर बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. हे विष जगाला माहीत झाले तेही पक्ष्यांमुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की मेले, आणि त्यांच्या खाद्यातल्या बुरशीदार शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला. हे विष यकृताला इजा करते, रोगप्रतिकारशक्ती खालावते, आणि शिजवून किंवा भाजून पूर्णपणे जात नाही. त्यामुळे ‘माणसाला चालत नाही, कोंबड्यांना घाला’ हा हिशेब मक्याला लावू नये. मका साठवताना ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणावा.

ज्वारी चांगली, त्यातही पांढरी. लालसर-तपकिरी दाण्याच्या काही वाणांत तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, जास्त असते. ते प्रथिनांना धरून ठेवते आणि पचू देत नाही. शिवाय सगळ्याच धान्यांतले बरेचसे फॉस्फरस अशा रूपात बांधलेले असते, की कोंबडीचे पाचकरस ते सोडवू शकत नाहीत. म्हणून तयार खाद्यात फायटेज नावाचे विकर मिसळतात. ते हा बंध तोडते, आणि हाडांना लागणारे फॉस्फरस विष्ठेतून वाया जात नाही.

तूस ओले का होते?

कोंबडी साधारण हवेत खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. पाचव्या आठवड्यातला ब्रॉयलर रोज १६० ग्रॅम खाद्य खातो असे धरले, तर पाणी ३२० मिलिलिटर होते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज सोळाशे लिटर. यातला थोडा भाग वाढत्या शरीरात राहतो. बाकीचे सगळे श्वासावाटे हवेत किंवा विष्ठेवाटे तुसात जाते. शेडमध्ये वारा खेळता असेल, तूस वरचेवर हलवले जात असेल आणि पक्ष्यांचे पोट ठीक असेल, तर हे पाणी उडून जाते. यातले एक जरी बिघडले, तरी तूस ओले होऊ लागते.

ओल ओळखायला यंत्र लागत नाही. मूठभर तूस घेऊन घट्ट दाबायचे आणि मूठ उघडायची. तूस सैलसर सुटले तर ओलावा ठीक. लाडू वळल्यासारखा गोळा तसाच राहिला तर तूस जास्त ओले आहे. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे. विष्ठेतल्या यूरिक आम्लावर ओलाव्यात जिवाणूंची क्रिया होऊन तो वायू तयार होतो.

ओल्या तुसातून येणारे सर्वांत महागडे दुखणे म्हणजे रक्ती हगवण, अर्थात कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी ती करतो. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून त्याची सूक्ष्म अंडी तुसात पडतात. पडताक्षणी ती रोग पसरवू शकत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ती पक्व होतात. दुसऱ्या पक्ष्याने ती टिपली, की पेट्यातल्या दळणाने त्यांचे कवच फुटते, आणि सुटलेले परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतात व त्या पेशी फोडून बाहेर पडतात. साधारण आठवड्याभरात हे चक्र पुरे होते, आणि एका अंड्यापासून हजारो नवी अंडी तुसात येतात. एक जात अंधनालांवर हल्ला करते, तेव्हा विष्ठेत ताजे रक्त दिसते. बाकीच्या जातींत रक्त दिसेलच असे नाही. तिथे अंकुर गुपचूप झडतात आणि वजन थांबते. जखमी आतड्यातून प्रथिने पाझरतात, आणि त्यावर क्लोस्ट्रिडियमसारखे जिवाणू फोफावतात. मग पुढचा, अधिक जीवघेणा आजार उभा राहतो. बाजारातली बरीच जंतुनाशके या अंड्यांवर फारशी चालत नाहीत. कोरडेपणा मात्र त्यांना पक्व होऊ देत नाही.

उन्हाळ्यात वेगळे संकट येते. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा चाळिशी ओलांडतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश, आणि तिला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, आणि शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे व तुऱ्याकडे वळवते. ते रक्त आतड्याच्या वाट्यातून जाते. रक्त कमी पडले की अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल होतात, आणि आतड्यात कोंडून राहायला हवी ती जिवाणूंची विषे रक्तात उतरतात. पक्षी पाणी खाद्याच्या तिप्पट-चौपट पितो, विष्ठा पातळ होते, तूस ओले होते. पचनातूनही उष्णता तयार होते, म्हणून अनुभवी पोल्ट्रीवाले भर दुपारी खाद्य उचलून ठेवतात आणि पहाटे व संध्याकाळी गारव्यात देतात. पाणी मात्र एक मिनिटही बंद ठेवत नाहीत, आणि टाकी सावलीत ठेवतात.

आतड्यातली वस्ती आणि प्रतिजैविके

खुडूक कोंबडीने उबवलेले पिल्लू पहिल्याच दिवशी आईबरोबर माती उकरते. आईच्या विष्ठेतले निरुपद्रवी जिवाणू त्याच्या आतड्यात लवकर वस्ती करतात. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई नसते, आणि त्याच्या आतड्यातली ही जागा रिकामी राहते. तिथे आधी कोण पोचते यावर पुढचे बरेच ठरते. १९७३ मध्ये फिनलंडमधल्या नुर्मी आणि रांताला यांनी प्रयोगाने दाखवले, की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लाला दिले तर सॅल्मोनेलाला आतड्यात शिरकाव करणे जड जाते. आजच्या प्रोबायोटिक खाद्यपूरकांमागे हाच विचार आहे.

शेवटच्या दाराजवळ आतड्याला लागून एक छोटी पिशवी असते, तिला फॅब्रिशियसची पिशवी म्हणतात. रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी पक्ष्यात इथे घडतात, हे १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक यांच्या कामातून पुढे आले, आणि माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीचे एक मोठे कोडे सुटायला त्याची मदत झाली. गंबोरो रोगाचा विषाणू नेमकी हीच पिशवी उद्ध्वस्त करतो. म्हणून त्याची लस चुकवली, तर इतर लसींचाही उपयोग कमी होतो.

आता प्रतिजैविकांकडे पाहू. ती रोगजंतू मारतात, पण उपकारक जिवाणूंनाही सोडत नाहीत. दर बॅचला ‘खबरदारी म्हणून’ पाण्यातून प्रतिजैविक दिले, की आतड्यातली वस्ती पुन्हा पुन्हा उठते आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. ते विष्ठेतून खतात, खतातून शेतात आणि मांस हाताळताना माणसापर्यंत येतात. वाढ होण्यासाठी खाद्यात प्रतिजैविक मिसळण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुधनासाठी, पोल्ट्रीसाठी आणि खाद्यपूरकांत वापर करण्यास मनाई केली, कारण इतर औषधे हरतात तेव्हा अत्यवस्थ रुग्णाला वाचवण्यासाठी डॉक्टरांच्या हाती हेच औषध उरते. शेडमधल्या पिंपात ओतलेल्या औषधाचा आणि शहरातल्या रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाचा संबंध इतका थेट आहे.

> चौकट: विष्ठा काय सांगते?
>
> घट्ट, तपकिरी, वर पांढरा थर: पोट ठीक आहे.
>
> चॉकलेटी, चिकट, उग्र वास, दिवसातून एक-दोनदा: अंधनालाची विष्ठा. काळजी नको.
>
> पाणचट, पण पक्षी तरतरीत: ऊन, जास्त मीठ किंवा खारट पाणी. बोअरचे पाणी तपासून घ्या.
>
> न पचलेले खाद्यकण दिसणारी, नारिंगी छटेची, ओलसर: अस्तराला इजा. खाद्य, तूस आणि कॉक्सिडिओसिस तपासा.
>
> रक्तमिश्रित: रक्ती हगवण. त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.
>
> पिल्लांत पांढरी, मागच्या बाजूला चिकटलेली: सॅल्मोनेलाचा संसर्ग किंवा ब्रुडिंगमधला गारठा, दोन्ही शक्यता.
>
> हिरवट, पक्षी मलूल, मान वाकडी: मानमोडी, म्हणजे राणीखेतची शंका. पक्षी वेगळे करा आणि लगेच कळवा.

बाटलीच्या आधी

दोन शेजाऱ्यांच्या शेडमधला अर्ध्या किलोचा फरक बहुधा खाद्याच्या पोत्यात नसतो. तो पहिल्या चोवीस तासांत भरलेल्या किंवा रिकाम्या राहिलेल्या अन्नपुटात असतो. तो पाण्याच्या नळीत साचलेल्या बुळबुळीत थरात असतो, वेळेवर न हलवलेल्या तुसात असतो, भर उन्हात भरलेल्या फीडरमध्ये असतो. पिशवी चाचपणे, मूठभर तूस दाबून पाहणे, रोज सकाळी विष्ठेवर नजर टाकणे आणि बॅच उचलल्यावर पाण्याच्या नळ्या साफ करणे या कामांना पैसा फार लागत नाही, लागते ती रोजची सवय.

एवढे करूनही पक्षी मरू लागले, तर औषधामागून औषध बदलत बसू नये. नुकताच मेलेला पक्षी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याचे शवविच्छेदन करून घ्यावे. नेमके निदान हवे असेल, तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आतड्याचे अस्तर खराब झाले आहे, अंधनालात रक्त आहे की यकृतावर डाग आहेत, हे पोट उघडल्यावर काही मिनिटांत दिसते. त्यावरून योग्य औषध ठरते, किंवा औषधाची गरजच नाही हेही कळते. पैसे वाचतात, पक्षी वाचतात, आणि माणसांसाठी राखून ठेवलेली औषधे माणसांच्या कामी येतात.